फिरता ट्रंपेट आणि बेटांचे ताल : चिक चॉकलेट, सी. रामचंद्र आणि मुंबईतील संगीतमिश्रणाचा इतिहास

प्रस्तावना

ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवरील गोल कागद हा संगीताच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. त्यावर चित्रपटाचे नाव असते, गायकाचे असते, संगीतकाराचे असते. मात्र ट्रंपेट कोणी वाजविला, बोंगो कोणाच्या हाती होता, बारा-पंधरा वादकांसाठी स्वरलिपी कोणी लिहून दिली, याची नोंद त्या कागदावर सापडत नाही. १९४५ ते १९६० या काळातील हिंदी चित्रपटसंगीताचा अभ्यास दीर्घकाळ याच कागदाच्या आधारे झाला. त्यामुळे तो संगीतकारांचा आणि गायकांचा इतिहास झाला, वादकांचा झाला नाही. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईतील वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझयुगावरील 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर ही उणीव काही अंशी भरून निघाली. मराठीत मात्र या विषयाकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखात दोन कलावंतांचा एकत्र विचार केला आहे. पहिले गोव्यातील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, दुसरे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र. ब्लूज आणि जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत, तर रुंबा हा क्यूबा बेटावरील ताल. या दोन्ही प्रवाहांची देशी चालींशी गाठ घालण्याचे जे काम मुंबईत झाले, त्यात या दोघांचा वाटा मोठा आहे. तत्कालीन टीकाकारांनी या कामाची 'पाश्चात्त्य चालींची नक्कल' अशी एका शब्दात वासलात लावली. तो शब्द कितपत रास्त होता, हे पाहणे आवश्यक आहे.

ब्लूज आणि बेटे : एक जुने नाते

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील आफ्रिकी वंशाच्या शेतमजुरांचे गाणे. त्याचा रूढ आराखडा चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा असतो. त्यातील गंधार आणि निषाद हे स्वर शुद्ध व कोमल यांच्यामध्ये हेलकावत राहतात. ज्यांच्या कानांना दोन्ही गंधारांचा जोग राग परिचित आहे, त्यांना हा स्वरभाव अगदीच परका वाटू नये. अर्थात जोगमध्ये दोन्ही गंधारांच्या जागा आरोह-अवरोहाने ठरलेल्या आहेत. ब्लूजचा गायक त्या दोहोंमधील फटीत रेंगाळतो, हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

ब्लूज भूमीवरचे आणि रुंबा बेटावरचा, म्हणून हे दोन प्रवाह मूळचे वेगळे आणि त्यांचे मिश्रण नंतरचे, असा एक समज आढळतो. इतिहास तसे सांगत नाही. ब्लूज कागदावर उतरविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते डब्ल्यू. सी. हँडी हे स्वतः फिरस्ते वादक होते. १९०० मध्ये ते महारा मिन्स्ट्रेल्स या फिरत्या मंडळीबरोबर क्यूबाला गेले आणि तेथील ताल त्यांच्या कानात राहिले. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'सेंट लुईस ब्लूज' या रचनेचा एक संपूर्ण भाग हबानेरा म्हणजे हवाना शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लयीत आहे. जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाने १९३८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात, ही स्पॅनिश छटा असल्याखेरीज जॅझला चव येत नाही, अशा आशयाचे मत नोंदविले आहे. पुढे १९३० मध्ये हवानाच्या डॉन अस्पिआसू यांच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केलेली 'शेंगदाणेवाल्या'ची तबकडी गाजली आणि रुंबाची लाट जगभर पसरली.

हे तपशील मुंबईच्या संदर्भात महत्त्वाचे ठरतात. 'सेंट लुईस ब्लूज' ही रचना जगातील बहुतेक नृत्यवृंदांच्या नित्य संग्रहात होती. ती वाजविणारा वादक ब्लूजबरोबर बेटाचा तालही शिकत होता. म्हणजे ज्या मिश्रणाची चर्चा येथे करावयाची आहे ते मुंबईस पोहोचण्यापूर्वीच मिश्रण होते.

ताजमहाल हॉटेलचा रंगमंच

१९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही तेथे वादन केले. स्वदेशातील वर्णभेदाला कंटाळलेल्या या कलावंतांना युरोप आणि आशियातील मोठी शहरे अधिक मोकळी वाटत होती. वेदरफोर्ड यांनी शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता असा प्रवास केला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यातच पटकीने त्यांचा अंत झाला. एका परदेशी शहराकडून दुसऱ्याकडे सरकत राहणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

या वृंदांत जागा रिकामी झाली की ती भरण्यासाठी मुंबईत गोव्याचे वादक उपलब्ध असत. त्याचे कारण गोव्याच्या ग्रामजीवनात आहे. पोर्तुगीज राजवटीत प्रत्येक चर्चला जोडून असलेल्या शाळेत मुलांना सोल्फेज म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाण्याचे शिक्षण मिळे. व्हायोलिन त्याच ओघात हाती येई. चर्चमधील गायन, लग्नसमारंभातील मांडो, गावचा बँड, असा हा क्रम होता. उपजीविकेची साधने अपुरी असल्याने ही मुले मुंबईस येत आणि धोबीतलाव-माझगाव परिसरात गावागावांच्या सामाईक खोल्यांत, कोकणीत ज्यांना 'कूड' म्हणतात तेथे, उतरत. ब्रिटिश पलटणी, संस्थानिकांचे दरबार, मूकपटांची थिएटरे, उन्हाळी थंड हवेच्या ठिकाणांची हॉटेले आणि रंगूनपर्यंतचे नृत्यगृह अशा सर्व ठिकाणी गोव्याचा वादक पोहोचला. कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजविता येणे हे त्याचे भांडवल होते.

येथे एक विरोधाभास नजरेत भरतो. ब्लूज आणि जॅझमधील मुख्य गोष्ट कागदावर लिहिता येत नाही. आघात किंचित मागे ठेवणे, स्वर वाकविणे, ठरलेल्या चालीत आयत्या वेळी भर घालणे, हे सर्व कानाने शिकावे लागते. गोव्याच्या वादकांना ही दुसरी शाळा ताजमध्ये भेटली. फ्रँक फर्नांड यांच्यासारखे ट्रंपेटवादक वेदरफोर्ड यांच्या हाताखाली वाजवीत असताना त्यांना स्वरलिपीच्या पलीकडील वादनाची ओळख झाली. हेच फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात नावाजले आणि त्यांनी 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) या कोकणी चित्रपटांची निर्मिती केली.

हळदोण्याचा ट्रंपेट

चिक चॉकलेट यांचा जन्म १९१६ मध्ये बार्देश तालुक्यातील हळदोणे येथे झाला. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. त्यांच्या तबकड्या ऐकून त्यांनी ट्रंपेट तर आत्मसात केलाच, पण आर्मस्ट्राँग यांचा घोगरा आवाज आणि रंगमंचावरील वावरही उचलला. 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' ही उपाधी त्यांना मिळाली ती यामुळे. अशा उपाधीत कौतुकाबरोबर एक मर्यादाही दडलेली असते, हे मान्य करावे लागते. ज्याला दुसऱ्या कोणाच्या नावाने ओळखले जाते त्याच्या स्वतःच्या कामाकडे सहसा कोणी पाहत नाही.

'चिक अँड द म्युझिक मेकर्स' या नावाचा त्यांचा वृंद स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईच्या हॉटेलांतील अग्रगण्य वृंदांपैकी एक होता. महायुद्धाच्या काळात मुंबईत मित्रराष्ट्रांच्या सैनिकांची वर्दळ वाढली होती आणि नृत्यगृहांना बरकत आली होती. ती परिस्थिती लवकरच पालटली. सैनिक परतले. युरोपीय रहिवासी कमी झाले. पुढे मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या उत्पन्नाला मोठा धक्का बसला. जेथे पेय नाही तेथे रात्रीचे नृत्य फार काळ टिकत नाही. त्याच सुमारास दादर, परळ, ताडदेव या भागांतील चित्रपट स्टुडिओंना मोठ्या वाद्यवृंदाची गरज भासू लागली होती. हॉटेलातून सुटलेला वादक सकाळी स्टुडिओत आणि उरलीसुरली रात्र हॉटेलात असे दुहेरी जीवन जगू लागला. एका अर्थाने, गांधीवादी सरकारच्या दारूबंदीने हिंदी चित्रपटसंगीतास जॅझचे वादक पुरविले, असे म्हणता येईल.

दौंड–मनमाड मार्गावरील गाव

सी. रामचंद्र यांची जडणघडण पूर्णतः निराळ्या वातावरणात झाली. १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड–मनमाड लोहमार्गावरील पुणतांबे हे गोदावरीकाठचे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतील रीतसर रागसंगीत त्यांच्या पाठीशी होते. 'नागानंद' या चित्रपटात नायकाची भूमिका करूनही अभिनयात जम न बसल्याने त्यांनी सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोट्या भूमिका आणि हार्मोनियमची साथ अशी कामे पत्करली. संगीतकार म्हणून त्यांचा प्रारंभ तमिळ चित्रपटांपासून झाला, तर मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन' (१९४२) पासून हिंदीत त्यांचे बस्तान बसले.

पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांच्या शिक्षणाचा भाग नव्हती. चाल त्यांच्या गळ्यातून निघे आणि हार्मोनियमवर पक्की होई. ती कागदावर उतरविणे, तिच्याभोवती ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांची मांडणी करणे, दोन कडव्यांमधील वादनखंड सजविणे, हे काम गोव्याच्या सहायकांकडे असे. चिक चॉकलेट हे त्यांपैकी प्रमुख, जॉन गोम्स हे दुसरे. पारशी समाजातील कावस लॉर्ड यांना हिंदी चित्रपटगीतात बोंगोसारखी लॅटिन तालवाद्ये रुजविल्याचे श्रेय दिले जाते, तेही सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत वाजवीत. पुणतांब्याचा चितळकर, हळदोण्याचा वाझ आणि मुंबईचा लॉर्ड एका खोलीत बसून क्यूबाच्या तालावर उत्तर हिंदुस्थानी बोलीतील शब्द बसवीत होते. एवढी निरनिराळी माणसे एकत्र येण्याची जागा तत्कालीन महाराष्ट्रात चित्रपट स्टुडिओखेरीज क्वचितच दुसरी असेल.

'शहनाई' (१९४७) मधील रविवारच्या गाण्यात गिटार, माउथऑर्गन आणि शीळ यांचा प्रयोग झाला. 'पतंगा' (१९४९) मधील रंगूनच्या गाण्यात नायक रंगूनहून डेहराडूनला दूरध्वनी करतो. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि हजारो हिंदी लोकांना ते शहर सोडावे लागले. त्या घटनेला सात वर्षेच लोटली असताना हे विनोदी गाणे आले. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी रंगूनहून परतलेले, किंवा न परतलेले, कोणी ना कोणी असले पाहिजे. गाण्यातील थट्टेमागे ही पार्श्वभूमी आहे याची आज सहसा आठवण राहत नाही.

पोर्तो रिकोहून आलेला छोकरा

'समाधी' (१९५०) मधील 'गोरे गोरे' या गाण्याची चाल मूळ कोठली, हे आता सर्वज्ञात आहे. 'चिको चिको' या नावाच्या, पोर्तो रिको बेटावरील तरुणाविषयीच्या अमेरिकी गीतावरून ती घेतलेली आहे. सी. रामचंद्र यांच्यावरील उचलेगिरीच्या आरोपात हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. परंतु त्या मूळ गीताची वंशावळ तपासली असता वेगळेच चित्र समोर येते. ते गीत पोर्तो रिकोत जन्मलेले नव्हते. जिमी मॅकह्यू आणि हॅरल्ड ॲडमसन या अमेरिकी जोडीने ते 'डॉल फेस' या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी रचले. ते गायिले कार्मेन मिरांडा यांनी, ज्यांचा जन्म पोर्तुगालमधील, वाढ ब्राझीलमधील आणि कीर्ती अमेरिकेतील. त्यांच्या डोक्यावरील फळांचा मुकुट हाच हॉलिवूडच्या दृष्टीने 'बेटांवरील जीवना'चा नमुना होता.

म्हणजे मुंबईत जे पोहोचले ते बेटावरील संगीत नव्हे. बेटाविषयी अमेरिकेने रंगविलेले चित्र तेवढे येथे आले. या चित्राचे मुंबईत काय झाले हा खरा प्रश्न आहे. 'गोरे गोरे' ऐकताना असे दिसते की, चालीचा मुखडा घेतला असला तरी दोन स्त्रीस्वरांतील सवाल-जवाबाची रचना, शब्दांची फेक आणि तालाचा ठसका हे येथलेच आहेत. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या स्वरांतील ही छेडछाड तमाशातील गवळण-मावशीच्या संवादाला अधिक जवळची वाटते. उचल झाली हे नाकारण्याचे कारण नाही. पण उचललेल्या वस्तूचा उपयोग पाहिल्याविना निवाडा देणे हेही न्याय्य नव्हे.

'अलबेला' : पडद्यावरील पुरावा

१९५१ चा 'अलबेला' हा या संपूर्ण विषयाचा केंद्रबिंदू होय. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक या तिन्ही भूमिका मास्टर भगवान यांच्या. गिरणगावच्या वातावरणातून वर आलेला हा मराठी नट, पहिलवानी अंगाचा आणि स्वस्त मारधाडीच्या चित्रपटांसाठी ओळखला जाणारा. त्याने गीता बालीसमवेत संगीतप्रधान चित्रपट काढला आणि त्याला अपूर्व यश मिळाले. पुरुषस्वर बहुतांशी स्वतः सी. रामचंद्र यांचा आहे. गायक म्हणून ते 'चितळकर' हे नाव लावीत.

'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा संयोग आहे. आठ मात्रांची तीन-तीन-दोन अशी विभागणी हे क्यूबाच्या तालकुळाचे वैशिष्ट्य. त्यात तिसऱ्या आघातासाठी कान जेथे थांबतो तेथे आघात येत नाही, तो अलीकडे किंवा पलीकडे पडतो आणि त्यामुळे अंग हलते. महाराष्ट्रातील भजनी ठेकाही आठ मात्रांचाच आहे आणि त्यातही आघात समान अंतरावर पडत नाहीत. गोदाकाठच्या गावात जन्मलेल्या संगीतकाराच्या कानी हा ठेका लहानपणापासून पडत असणार. ढोलकीच्या बोलांतील उलटसुलट वजनाचा संस्कारही महाराष्ट्रातील श्रोत्यांवर होता. रुंबा येथील प्रेक्षकांना सहज मानवला त्याचे एक कारण या पूर्वसंस्कारात शोधता येते. हे केवळ अनुमान आहे, तथापि 'भोली सूरत' या त्याच चित्रपटातील गाण्यावर भगवान यांच्या ठुमकत्या पावलांनी गणेश विसर्जनाच्या मिरवणुकींत पिढ्यान्‌पिढ्या लोक नाचत आले, ही वस्तुस्थिती त्यास पुष्टी देते. परकी वाटणारी चाल मिरवणुकीत टिकत नाही.

याच चित्रपटातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक पडद्यावर दिसतात. अंगात झालरीच्या बाह्यांचे लॅटिन पद्धतीचे सदरे, हाती वाद्ये. तबकडीच्या कागदावर ज्यांना जागा नव्हती त्यांचे चेहरे येथे क्षणभर उजेडात आले आहेत. इतिहासलेखनाच्या दृष्टीने हा दुर्मीळ पुरावा आहे. त्याचबरोबर हेही पाहिले पाहिजे की गोव्याच्या वादकाला पडद्यावर येण्यासाठी क्यूबाच्या वादकाचा वेश घ्यावा लागला. मुंबईत वर्षानुवर्षे राहणारा, कोकणी बोलणारा हा माणूस स्वतःच्या वेशात पडद्यावर येण्याइतका 'आपला' मानला गेला नव्हता, आणि पुढील काही दशके तर हिंदी चित्रपटांत गोव्याचा ख्रिस्ती मनुष्य मद्यपी विदूषक म्हणूनच अधिक दिसला.

नभोवाणी, बेट आणि अभिरुचीचा वाद

'अलबेला' नंतर वर्षभरातच हा प्रश्न सरकारी धोरणाचा झाला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. पुण्यात जन्मलेल्या, शास्त्रीय संगीताचा आस्था बाळगणाऱ्या या मंत्र्यांना चित्रपटगीतांतील पाश्चात्त्य वळण हे अभिरुचीचे अधःपतन वाटत होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांनी शास्त्रीय संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम, संमेलने यांद्वारे मोलाचे कार्य केले हे निर्विवाद आहे. परंतु श्रोत्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळविली. पुढील पाच वर्षे एका बेटावरील केंद्राने मुंबईचे संगीत हिंदुस्थानला ऐकविले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने अप्रत्यक्षपणे माघार घेतली.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. केसकरांच्या आणि सी. रामचंद्रांच्या संगीतसंस्कारांत फारसे अंतर नव्हते. 'अनारकली' (१९५३) मधील रागाधारित चाली त्याच संगीतकाराच्या आहेत. एकाच वर्गात बसलेल्या दोन विद्यार्थ्यांनी एकाच धड्याचे निरनिराळे अर्थ लावावेत तसा हा प्रकार होता. एकाला परंपरा म्हणजे राखावयाचे धन वाटले, दुसऱ्याला हाती आलेले हत्यार.

१९५७ च्या 'आशा' मधील 'ईना मीना डीका' या गाण्याविषयी असे सांगितले जाते की, संगीतकक्षाबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी गणनगीतावरून सी. रामचंद्र यांना त्याची कल्पना सुचली आणि जॉन गोम्स यांनी त्यात 'माका नाका' हे कोकणी शब्द जोडले. तोवर अमेरिकेत रॉक अँड रोल अवतरले होते आणि त्याचा सांगाडा ब्लूजचाच होता. त्या वेगवान लयीत 'मला नको' अशा अर्थाचे दोन कोकणी शब्द देशभर पोहोचले. अर्थहीन म्हणून ज्या गाण्याची संभावना झाली त्यातील हे दोन शब्द तरी अर्थहीन नव्हते. १९५५ पासून भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातील सीमेवर निर्बंध आले होते. मुंबईतील गोव्याच्या वादकांना गावी जाणे दुष्कर झाले होते आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत ते तसेच राहिले. त्या गाण्यात राजकीय आशय होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्यांची मातृभाषा तेव्हा कोणत्याही राज्याची भाषा नव्हती अशा वादकांच्या बोलीचा हा ठसा तबकडीवर उमटला आणि राहिला.

श्रेयाचा प्रश्न

या सहकार्यात मूळ कल्पना कोणाची आणि अलंकरण कोणाचे, हे नेमके वेगळे करता येत नाही. वादकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या लेखनाचा कल गोव्याच्या वादकांस झुकते माप देण्याकडे असतो, तर मराठीतील आठवणीपर लेखनात संगीतकार हाच एकमेव कर्ता ठरतो. सी. रामचंद्र यांचे आत्मचरित्र 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्या काळाचे महत्त्वाचे साधन आहे, तरीही आत्मचरित्राच्या सर्व मर्यादा त्यालाही आहेत.

या बाबतीत १९५१ मधील एक चित्रपट उद्बोधक ठरतो. 'नादान' या देव आनंद-मधुबाला यांच्या चित्रपटाचे संगीत स्वतंत्रपणे चिक चॉकलेट यांचे आहे. ज्याच्या ट्रंपेटशिवाय 'अलबेला'चा झगमगाट अपुरा राहिला असता त्या कलावंताचे 'नादान' मधील आजही लक्षात राहिलेले गाणे कोणते? तलत महमूद यांनी गायिलेले, मंद गतीचे, गझलेच्या वळणाचे. त्यात ना रुंबा, ना ब्लूज. म्हणजे एकाच वर्षी पलुसकर परंपरेतील मराठी संगीतकार क्यूबाचा ताल घडवीत होता आणि हळदोण्याचा जॅझवादक उर्दू गीताला हळुवार चाल लावीत होता. दोघेही परस्परांच्या घरात इतके वावरले होते की कोणता दिवाणखाना कोणाचा हे सांगणे कठीण व्हावे. 'नक्कल' हा शब्द येथे अपुरा पडतो. नक्कल एका दिशेने होते, हा व्यवहार दोन्ही दिशांनी चालू होता.

तरीही हा व्यवहार समान पातळीवरचा नव्हता. संगीतकाराच्या नावावर तबकडी विकली जाई, वादकाला त्या दिवसाच्या वादनाचे पैसे मिळत. संगीतकार म्हणून चिक चॉकलेट यांना मोजकेच चित्रपट मिळाले. १९६७ मध्ये, वयाची साठीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास मुंबईतच जन्मलेला, गोमंतकीय वंशाचा गिटारवादक आमांसिओ डिसिल्वा लंडनला गेला. तेथे १९६९ मध्ये त्याने जमैका बेटावर जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर 'हम दोनो' ही तबकडी मुद्रित केली. तिच्या वेष्टनावर मात्र वादकांची नावे आहेत. संगीताचा घटक तोच, पण वादकाला त्याचे नाव मिळण्यासाठी मुंबई सोडावी लागली.

सी. रामचंद्र यांचा १९६० नंतरचा काळ उतरणीचा गेला. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी गायिलेल्या कवी प्रदीप यांच्या गीताची चाल त्यांची. त्या एका गंभीर गीताने त्यांच्या सार्वजनिक प्रतिमेचा ताबा घेतला आणि बोंगोवर थिरकणारा चितळकर मागे पडला. पण मराठीत ते पुन्हा आपल्या जुन्या खोडीकडे वळले. 'घरकुल' (१९७०) या चित्रपटात एकीकडे सुरेश भटांच्या शब्दांना त्यांनी दिलेली संथ, मुलायम चाल आहे, तर दुसरीकडे बांबूच्या घराविषयीच्या एका लोकप्रिय इंग्रजी गीताला शान्ता शेळके यांनी चढविलेला मराठी साज आहे. प्रमिला दातार यांनी गायिलेल्या या गीतात घराचा क्रमांक इंग्रजीतच ठेवला आहे, त्यालाही मराठी श्रोत्यांनी हरकत घेतल्याचे दिसत नाही. ५ जानेवारी १९८२ रोजी सी. रामचंद्र मुंबईत निवर्तले. पुणतांब्यावरून जाणाऱ्या दौंड–मनमाड मार्गावरील लग्नाच्या वरातींत त्यानंतरही बँडवाले 'अलबेला'ची धून वाजवीत राहिले, आणि ती धून बहुधा ट्रंपेटवरच वाजत असे.